गळ्यावर उमटलेला अंगठा

ह्यूस्टन, ऑक्टोबर १९८४, शनिवार संध्याकाळ

मेडिकल कॉलेजच्या प्रवेश-अर्जासाठी अनुभव हवा म्हणून दर शनिवारी मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत फुकट काम करते. आज बारमधल्या मारामारीतून एकाला आणलं. दंडावर सुरीचा खोल वार आणि दारू चढलेली. नर्स मार्था पट्टी बांधायला वाकली, तर त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. मी मध्ये पडले, तर माझाच गळा धरला. तो अंगठा! श्वासच अडकला. हाताला स्टीलचा ट्रे लागला, तोच त्याच्या कानशिलात हाणला. त्याने मला सोडलं. तरी मी पुन्हा हाणला. तो दुसरा फटका कशासाठी होता?

गार्डांनी त्याला पलंगाला बांधलं. झटापटीत जखम आणखी फाटली, रक्त उसळलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "दाब तिथे! जोरात!" मी दाबलं. तो गुरासारखा ओरडला आणि मला बरं वाटलं. खरंच, फार बरं वाटलं. रक्त थांबलं. "गुड," डॉक्टर म्हणाले.

घरी आईने गळ्यावर उमटलेला अंगठा पाहिला आणि रडायलाच लागली. "पुरे झालं ते डॉक्टर होणं."

बाबा म्हणाले, "अगं, कॉलेजच्या इंटरव्ह्यूत हेच सांग. ज्याने मारलं, त्याचाच जीव वाचवलास!"

वाचवला, खरं आहे. पण तेव्हा मला त्याला मारायचं होतं. हे कोणाला सांगू?

पुढच्या शनिवारी जाणार आहे मी. भीती वाटतेय, पण पेशंटची नाही.