मावशीचा संडास, तात्याची पावळी

१८ एप्रिल
गोव्याचं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं, असं सगळ्यांना सांगायचं ठरवलंय. मावशीकडे आठ दिवस.
मावशीचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय. संडास आवाराच्या पार टोकाला, फणसाच्या पलीकडे. गेल्या पावसात शेवाळावरून घसरली ती दूधवाला येईपर्यंत तिथेच बसून होती. या पावसाआधी घराला लागून संडास पाहिजेच म्हणते. चिरे येऊन पडलेत, गवंडी तयार आहे. मग अडलंय कुठे?
मा.: "अडतला नाय तर काय? नियम इलो मा!"

२० एप्रिल
नियम बघायला ग्रा.पं.त गेलो. भिंतीला कागद. आता सगळ्या गावांत घर बांधायचा एकच नियम. बाजूच्या हद्दीपासून दीड मीटर मोकळं सोडायचं. १ मेच्या ग्रामसभेत ठराव करून गावाने घ्यायचा.
मावशीच्या बाजूला तात्या. मावशीच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या काकांचा चुलतभाऊ. दोन्ही घरांच्या मधे ना कुंपण ना दगडी गडगा. काका गेल्यापासून तात्या आणि मावशी बोलत नाहीत. मावशी म्हणते कारण नारळ. तात्या म्हणतो कारण मांजर. मांजर मेलं त्यालाही जमाना झाला.
येताना धामापूरच्या तळ्यावर गेलो. जरा बसू म्हटलं. घरी आलो तर जेवण झाकलेलं, मावशी उघडी. म्हणजे तोंडाने.

२३ एप्रिल
नोकरी लागली! टेपचं दुसरं टोक धरायची. तालुक्याहून घरांच्या मोजणीला इंजिनिअर आलाय, जालन्याकडचा, माझ्याच वयाचा, डोक्याला ओला रुमाल. ग्रामसेवक म्हणाले, "हा रिकामाच असतो, याला घेऊन जा."
हद्द कुठे विचारलं की प्रत्येक घरात एकच उत्तर. "आमची पावळी पडता थयसर आमचा."
इं.: "पावळी म्हणजे?"
त्याच्या गावाला धाब्याची घरं. मी छप्पर दाखवलं, पावसाचं पाणी छपराच्या कडेवरून जमिनीवर जिथे ठिबकतं ती रेघ दाखवली. दाखवली म्हणजे हवेत बोट फिरवलं, एप्रिलात कुठलं पाणी. तो म्हणतो, नकाशात हवा कशी काढू?
नियम मात्र सगळ्यांना आवडलाय. "असोच नियम व्हयो होतो. सुरवात शेजारच्यापासून करा."
सरपंचबाईंचा पोर्च रस्त्यात निघाला. "तो पोर्च न्हय," त्या म्हणाल्या, "तुळशीक सावली." देवळाचा मांडव शाळेच्या आवारात शिरलाय. तिथे टेप आपोआप गुंडाळला गेला.

२४ एप्रिल
आज मावशीकडे मोजणी. वाट लागली.
तात्याने दिवाळीत कौलं काढून पत्रे घातले. मावशीच्या बाजूला हातभर बाहेर. पावळी सरकली म्हणजे हद्द सरकली, असं त्याचं म्हणणं.
मा., पडवीतून, मला: "पिंट्या, तेका सांग, उद्या पत्रो माझ्या चुलीपर्यंत घाल नि चूल तुझी म्हण."
ता., अंगणातून, तोही मलाच: "तिका सांग, माका शिकवचा नाय. पत्रो माझो, पाणी माझा, पाणी पडता ती जागा माझी."
दोघांच्या मधे अंतर टेपभर पण नाही. इं. टेनिसची मॅच बघावी तशी मान फिरवत होता.
हिशोब असा: जुनी पावळी धरली तर संडास बसतो. नवी धरली तर नुसतं भांडं बसतं, माणूस नाही.

२८ एप्रिल
काल भांडं आणायला कणकवलीला गेलो होतो. स्टँडवर ओळखीचा टेम्पोवाला भेटला, आंबे भरलेले. "येतंस काय नांदगावाक?" गेलो. नांदगावला म्हणाला, आता इथवर आलास तर खारेपाटणला चल. तिथे व्हॉलीबॉलच्या मॅची, एका टीमला माणूस कमी. हरलो. पण उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला. रात्री टेम्पोतच झोपलो. आज सकाळी घरी.
मावशीने डबा फिरवून फिरवून बघितला.
"भांडा आणूक धाडलंय नि डबो घेवन इलंस? परत रानात जाव काय मी?"

१ मे
ग्रामसभा. नियम एकमताने मंजूर. हात सगळ्यांचे वर, नजर सगळ्यांची शेजाऱ्याच्या घराकडे. फक्त खाली एक ओळ घालायची ठरली: आमच्या गावात हद्द म्हणजे पावळी. ही सूचना तात्याची. अनुमोदन पण तात्यालाच द्यायचं होतं, ग्रामसेवकांनी बसवला.
मग कोणीतरी विचारलं, पावळी कुठे पडते ते आता उन्हाळ्यात ठरवायचं कसं? इं. वैतागून म्हणाला, "पाणी ओतून बघा ना छपरावर!"
बिचाऱ्याने रागात म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहिरी तळाला गेल्यात आणि गाव छपरावर पाणी ओतायला निघालाय.

४ मे
आमच्या बाजूची पाहणी. मी कळशी घेऊन तात्याच्या शिडीवर. तात्या म्हणाला, उतर खाली, माझी सोय आसा. माडांना पाणी लावायचा पाइप त्याने थेट पत्र्यावर नेला होता. मोटार चालू केली. पाणी पन्हळीतून असं सुटलं की पावळी नवी नाही, जुनी नाही, थेट मावशीच्या पडवीत. वाळत घातलेली आमसुलं भिजली. मधे इं. उभा होता, तो टेपसकट भिजला.
ता.: "बगलास? पडली पावळी!"
मा.: "पिंट्या, तेका सांग, देवाकडे मोटार नाय!"
इं.ने रुमाल पिळला. म्हणाला, आता दोनच रस्ते. एक, पावसात परत येऊन बघतो.
"पावसाआधी व्हयो," मावशी म्हणाली. हे मात्र हळू. गुडघ्यावर हात होता.
दुसरा रस्ता नियमातच आहे. दोन शेजाऱ्यांनी मधे एकच भिंत घालून दोन्हीकडून बांधलं तर मोकळं सोडायला नको, हद्द शोधायलाही नको. फक्त दोघांनी एकत्र येऊन सही करायची.
तात्या मोटार बंद करायलाही विसरला.

६ मे
दिवसभर मी टपाल.
मा.: "तो येवंदे विचारूक."
ता.: "गरज कोणाची?"
मा.: "मी मोठी वयनी त्याची."
ता.: "तिका सांग, मांजर इसारलंय नाय मी."
तिसऱ्या फेरीला तात्याची बायको मला विहिरीकडे घेऊन गेली. म्हणाली, "ह्यांका पण भिंतीक लागान संडास व्हयो आसा रे. कंबर धरल्याबगर उठाक येणा नाय. पण तोंडान सांगूचे नाय मेले." त्यांचा संडास तर आमच्याहून लांब.
मावशीला सांगितलं. आल्यापासून पहिल्यांदा हसली, गुडघा धरून. मग तोंड परत तसंच केलं.
"मगे येवंदे."

९ मे
वेंगुर्ल्याहून फोन. होडीवर माणूस पाहिजे, परवा ये. बॅग भरली. मावशी दारात.
"जा बापडो. पण तू गेलंस तर तेच्याशी बोलात कोण?"
बॅग... बघू.

१२ मे
दुपारपासून समुद्राच्या बाजूला काळं. गवंडी सांगून गेला, या आठवड्यात हात लावला नाही तर मग गणपतीनंतर.
संध्याकाळी तात्या आला. पत्र्याच्या कडेखाली उभा राहिला, एक पाऊल पुढे नाही. मावशी पायरीवर. मी मधे.
"पिंट्या, तुझ्या मावशीक विचार, भिंत चिऱ्याची काय ब्लॉकाची?"
"तेका सांग, चिऱ्याची. चिरे माझ्याकडे आसत."
"खिडकी खंय?"
"खिडकी तेच्या बाजूक नको."
"तिच्या बाजूक माका तरी कित्याक व्हयी?"
मी एक शब्द बोललो नव्हतो. मावशीने आतून चहाचे दोन कप आणून पायरीवर ठेवले. तिसरा नाही. म्हटलं, दुकानात जाऊन येतो. गेलो नाही, आंब्याच्या कलमाच्या आड उभा राहिलो.
मावशी रस्त्याकडे बघतेय, तात्या पण रस्त्याकडेच. मी येतोय का ते बघत असणार. मग तात्या पावळी ओलांडून आला, कप उचलला, एक घोट घेतला आणि कोणाकडेच न बघता म्हणाला,
"साखर कमी आसा."
मावशी उठली आणि आत गेली. साखर आणायला की दार लावून घ्यायला, ते आंब्याची एक फांदी मधे आली म्हणून दिसलं नाही.