बासला लाल रंग दिला त्याची हकिगत

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (तूर्त तो मनातल्या मनात घातला असं धरून चाल. कमरेतून वाकले तर परत सरळ होईन याची खात्री नाही. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला नमस्कार सांग आणि तिने पाठवलेलं मलम संपलं हेही सांग. ते मी दोन्ही खांद्यांना थापलं. इकडे सगळे खुशाल. सासूबाईंची तब्येत उत्तम, तुझ्या मेहुण्यांची त्याहून उत्तम, आणि गॅलरीत अजून येणारा रंगाचा वास सोडला तर तक्रार करावी असं काही नाही. परवा फोनवर तू विचारलंस, "रविवारभर होतीस कुठे?" तेव्हा मी "कामात होते" एवढंच म्हटलं. ते काम काय होतं ते आता लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसला असतास.

आमच्या हॉस्पिटलच्या बँडमध्ये मी बास गिटार वाजवते हे तुला ठाऊक आहेच. (दिवसभर लोकांचं रक्त तपासणाऱ्या बाईने संध्याकाळी हाताला काहीतरी वेगळं काम द्यावं, हे तुझंच म्हणणं. तुझ्या मनात विणकाम होतं, हा भाग वेगळा.) मेट्रन गातात, हाडांचे डॉक्टर ड्रम बडवतात, भूल देणारे डॉक्टर गिटार वाजवतात (त्याबद्दल मी काही बोलत नाही), आणि मागे खांबाला खेटून, चार जाड तारांची ती तपकिरी बास गळ्यात अडकवून मी उभी असते. बास म्हणजे गाण्याचा पाया, असं मला ती विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं. पाया जमिनीखाली असतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. कार्यक्रम संपला की लोक मेट्रनच्या गळ्याचं कौतुक करतात, डॉक्टरांच्या मनगटाचं करतात, आणि मला विचारतात, "अरे, तुम्ही पण होता का?"

यंदा वार्षिक कार्यक्रमाला स्टेज लहान मिळणार असं कळलं. तालमीनंतर मेट्रन माझ्याजवळ आल्या, त्यांनी माझा हात हातात घेतला (पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी देताना त्या अगदी असाच घेतात) आणि म्हणाल्या, "यंदा तू जरा आराम कर. समोर बसून ऐक. तुला कधी ऐकायलाच मिळत नाही गं." मी तोंड उघडायच्या आत हाडांचे डॉक्टर पलीकडून म्हणाले, "त्या जागी एखादी कुंडी ठेवू. फोटो रिकामा नको दिसायला." विनोदानेच म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाताना बसमध्ये एवढी रडले की शेजारच्या बाईंनी मला खिडकीची जागा दिली. पण उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. ऐकू येत नाही ना, नको येऊ दे. दिसली मात्र पाहिजे. लाल करायची. आगीच्या बंबासारखी लाल, शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसालाही जाग येईल अशी. दुसऱ्या दिवशी मेट्रनना गाठून सांगितलं, "पुढच्या तालमीपर्यंत कुंडी आणू नका."

मग बास उघडली. तारा काढल्या, दांडी सोडवली, बटणं उपसली, आणि आतल्या वायरींचं जाळं त्यांच्या पत्र्यासकट अलगद उचलून एका डब्यात ठेवलं. तुझे मेहुणे आरामखुर्चीतून न उठता सूचना देत होते. (रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हत्यारं त्यांनी माळ्यावर टाकली आणि तोंड तेवढं खाली ठेवलं.) मला वाटलं होतं, दाराखिडक्यांना असतो तसला रंग असेल, पॉलिश पेपरने घासला की उतरेल. दादा, तो रंग नव्हता, चिलखत होतं! दोन संध्याकाळी घासून माझ्या बोटांची सालं निघाली आणि बासला नुसती चकाकी आली. मग केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं. त्याने बास कोमट झाली. शेवटी रंगाच्या दुकानातून गरम हवेची बंदूक आणली. तिने मात्र रंगाला असे फोड आले म्हणतोस! रंगाऱ्याच्या पत्रीने खरवडलं की पोपडे निघायचे. धूर एवढा झाला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून ओरडून विचारलं, "अहो, काय जळतंय?" त्यावर तुझ्या मेहुण्यांनी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "काही नाही, बायकोची जिद्द."

रंगाखालून निघालं लाकूड. एक नाही, पाच-सहा प्रकारचं. एक तुकडा टेबलाचा, एक कपाटाचा आणि एक बहुधा खोक्याचा असावा. त्यांच्या फटींत लांबी भरली, घासली, अस्तराचा हात दिला, घासला, परत दिला, परत घासला. (खांदे, कंबर आणि मलम यांचा खुलासा इथे झाला.) मग आला मुख्य लाल. स्प्रेच्या डब्याच्या झाकणावर तो जो काही लाल होता, त्याचं आतल्या रंगाशी लांबचंही नातं निघालं नाही. पहिला हात मारला आणि बास खोकल्याच्या औषधासारखी गुलाबी झाली! तशीच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वाळला की लाल दिसतो." मी म्हटलं, "मी रोज सकाळपासून लालच बघते. लाल कसा असतो ते मला नका सांगू." त्याने मुकाट्याने दुसरा डबा काढला. तो खरा लाल होता. तुझ्या मेहुण्यांचा पांढरा सदरा दोरीवर वाळत होता, तोही आता खरा लाल आहे, निदान डावी बाही तरी.

रंग वाळेपर्यंत बास गॅलरीत तारेच्या आकड्याला टांगली आणि तिच्या रखवालीला सासूबाईंना बसवलं. त्यांना काम दिलेलं फार आवडतं. मी एवढंच बजावलं, "आई, माशी बसू देऊ नका." मी आत वरण ढवळत होते तर बाहेर फटकन आवाज झाला. माशी बसली होती. सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी करून तिला जागच्या जागी मारलं होतं. घडी ओल्या रंगाला चिकटली. सोडवली तर बासच्या पोटावर उलट्या अक्षरांत एक आख्खी जाहिरात उमटलेली, 'वधू पाहिजे', आणि मधोमध माशी. सासूबाई म्हणाल्या, "गेली ना?" मी म्हटलं, "गेली." त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मला पुढे काही बोलवेना. त्यांचा चहा ठेवला आणि पॉलिश पेपर घेऊन परत घासायला बसले.

शेवटी झाली, दादा. लाल, गुळगुळीत, वर पारदर्शक लॅकर, तोंड दिसेल अशी. आता जोडायची म्हणून डबा उघडला, तर वायरींच्या जाळ्यातून एक वायर सुटी लोंबतेय. म्हटलं, एवढं सगळं केलं आणि मीच मोडली! तुझे मेहुणे खुर्चीतून उठले. (ही तारीख घरात कुठेतरी लिहून ठेवायला हवी.) माळ्यावरून सोल्डरची हत्यारं काढली, आणि चष्मा कपाळावर सरकवून वायरीचं टोक डोळ्यापाशी धरलं.

"मी तोडली ना?" मी विचारलं.

"तू नाही तोडलीस. टोकावर गंज बघ. आणि ही धूळ. ही वायर आधीपासूनच सुटलेली आहे."

"आधीपासून म्हणजे?"

"कदाचित तू घेतलीस तेव्हापासून." मग फार हळू आवाजात म्हणाले, "अगं, या वायरीतूनच आवाज बाहेर जातो."

मी जमिनीवर बसले. घरी मी सासूबाईंची झोपमोड नको म्हणून आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला न जोडताच वाजवते, आणि तालमीत ड्रमच्या दणदणाटात माझं मलाच ऐकू येत नाही असं समजून चालले होते. म्हणजे एवढे कार्यक्रम, एवढी गाणी, ते सगळं वाजवणं या लाकडाच्या बाहेर आलंच नव्हतं. हसावं की रडावं कळेना. तुझे मेहुणे शेजारी बसले. सल्ला एकही दिला नाही. नुसतं म्हणाले, "धर ही बॅटरी, नीट उजेड पाड," आणि वायर जोडून दिली.

तालमीला गेले. फिजिओथेरपीच्या खोलीत तालीम असते आमची. मी बास जोडली, बटण फिरवलं आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. कोपऱ्यातला शिकवायचा सांगाडा बरगड्यांसकट थरथरला. खिडक्यांच्या काचा बोलल्या. हाडांच्या डॉक्टरांच्या हातातली काठी गळून पडली.

"हे काय होतं?" मेट्रननी छातीवर हात ठेवून विचारलं.

"मी," मी म्हटलं. "मी होते ते."

खरं सांगते, तेवढा एक क्षण फार बरा गेला. मग आम्ही गाणं सुरू केलं. आणि पहिल्याच कडव्यात सगळ्यांना, मलाही, आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की मी कशी वाजवते. मी अर्धी मात्रा मागे असते. दुसऱ्या कडव्यात मागे नसते, दुसऱ्याच गाण्यात असते. गाणं संपल्यावर कोणी कोणाकडे बघेना. भूल देणारे डॉक्टर आपल्या तारा पुसत बसले. शेवटी मेट्रन म्हणाल्या, "रंग मात्र छान आलाय गं."

"आवाज जरा कमी करता येईल?" हाडांच्या डॉक्टरांनी अगदी नम्रपणे विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आवाज एवढाच राहील. वाजवणं सुधारेल. कार्यक्रमाच्या आधीच्या तालमीत नाही सुधारलं, तर कुंडी मी स्वतः आणून ठेवीन आणि तिला पाणीही घालीन."

मेट्रननी या खेपेला माझा हात हातात घेतला नाही. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तोपर्यंत जागा तुझी."

तर असं सगळं आहे. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जप, जिन्यावरून घाईने उतरू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. – सासूबाईंना आता त्यांचा वॉकर लाल करून हवा आहे. रखवालीला त्या स्वतःच बसणार म्हणतात.

ता. क. – पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. इतकी वर्षं शाळेत तू पन्नास-पन्नास पोरांकडून एका तालात टाळी वाजवून घेतलीस; एक बहीण काही जड जाणार नाही. मला ताल शिकव. लहान वर्गाला शिकवायचास तसा, अगदी पहिल्यापासून. टेबलावर पट्टी आपट, रागव, मी रुसणार नाही. तुला वेळ आहे का, घरात अडचण तर होणार नाही ना, वहिनीला काय वाटेल, सगळा शांतपणे विचार करून सावकाश कळव.

ता. क. – शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय, स्टेशनवर ये. तिकीट हे पत्र लिहायला घेण्याआधीच काढलंय.