महांतेशचं नाव

३ फेब्रुवारी
वही घेऊन आठ दिवस झाले, लिहायचं नुसतं ढकलत आलो. माझं सगळंच असं. पण जागा झकास मिळाली! मंगळवार पेठेत दूधसंघाचं ऑफिस, खाली चहा, मागं तालीम. काम एवढंच, की दुधाच्या नोंदी ज्या लॉगिननं उघडतात, ते सुरक्षित करायचं. गंमत म्हणजे इथं सगळे एकाच नावानं आत शिरतात, महांतेश. तपासणीच्या शालूबाई म्हणाल्या, पावणं, एक नाव बरं की, ध्यानात तरी ऱ्हातंय!

५ फेब्रुवारी
प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला. सर्व्हरचं तेवढं राहिलं. तालमीत कुस्ती बघत बसलो. सर्व्हर अजून महांतेशच्याच नावावर चालतोय. पासवर्ड उघड्या फाइलीत: शांतव्वा. शालूबाई म्हणाल्या, महांतेश इथला आधीचा कारकून, ती त्याची आई. गेल्या साली नासकं दूध त्याच्या नावानं पास झालं, पोरं आजारी पडली. संघाचे मॅनेजर विजयसिंह साहेब त्याला म्हणाले, नाव तुझं, तूच भोग. त्यानं वाडीला जाऊन नदीत उडी घेतली. खरं पास कुणी केलतं, विचारलं. शालूबाई चहाला उठल्या.

९ फेब्रुवारी
साहेबांनी घाईनं एक टँकर पास करायला लावला. दुधाला वास येत होता. माझं नाव कशाला, म्हणून महांतेशच्या नावानं केला. मग मिसळ खायला गेलो.

१० फेब्रुवारी
सर्व्हरला नवं लॉगिन दिलं, महांतेशचं बंद केलं. तरी अकरा वाजता नोंद पडली: महांतेश आत आला. गेल्या सालच्या त्या दुधापुढचं त्याचं नाव गेलंय. तिथं शालूबाईंचं आलंय. दुपारी त्या टेबलावरच ओकल्या. गढूळ पाणी, शेवाळ. दवाखान्यापर्यंत पोचल्या न्हाईत.

११ फेब्रुवारी
तीनदा पासवर्ड बदलला. येतोच तो. शालूबाईंच्या खाली आता, हुकूम देणारा: विजयसिंह. केबिनचं दार फोडलं. कोरड्या फरशीवर साहेब बुडून— तोंडात नदीची वाळू—

१२ फेब्रुवारी
पळालो. स्टँडपर्यंत गेलतो. तिथं कळलं, माझ्या टँकरच्या दुधानं शिरोळची चार पोरं दवाखान्यात. परत आलो. त्या टँकरपुढं माझं नाव मीच लिहितो, कबूल करतो—

लॉगिन नाकारलं. मलाच.

परत नाकारलं. किबोर्ड ओला झालाय—

दारात म्हातारी आलीय. शांतव्वा, म्हणती. पोरानं बोलवलंय, म्हणती, आई, शेवटचं नाव तुझ्या डोळ्यांदेखत लिहितो, ये. तिच्या चपला कोरड्या हायत. पण तिच्या मागनं ओली पावलं—