नान्निसच्या तापाचे दिवस

मी, क्लिनो, स्पंज काढणारे दिवंगत पार्मिस्कोस यांची मुलगी, धंदा वैद्यकी, वय तेवीस, राहणार कोस बेट, बंदरामागची आळी, हे शेवटचे लिखाण मेणाच्या पाटीवर स्वतःच्या हाताने करीत आहे. तापाचा आज सहावा दिवस. जीभ कोरडी, बरगडीखाली दुखते, लघवी काळपट. पण भ्रम नाही. खात्रीसाठी सकाळी वैद्याची शपथ पहिल्यापासून म्हणून पाहिली, एकही शब्द चुकला नाही. अशी लक्षणे असलेले अकरा रोगी मी पाहिले आहेत. नऊ गेले. म्हणून उद्यावर ठेवत नाही. बाईच्या मृत्युपत्राला पुरुष पालकाची संमती लागते, त्यासाठी मामा सिमोस शेजारी बसले आहेत आणि मधूनमधून उसासे टाकत आहेत.

१. वडिलांचे घर, दारच्या अंजिरासकट, आई मिक्का हिचे. मामांनी ते भाड्याने देऊ नये. "मी कशाला देईन?" असे मामा आत्ता म्हणाले. साक्षीला बसलेल्या युफ्रानोरने ते ऐकले आहे.

२. वडिलांचे कोयते चुलत्यांना द्यावेत. बुडी मारताना कमरेला बांधायची दोरी कुणाला देऊ नये, जाळावी. त्या दोरीने वडील वर आले, पण फार उशिरा. आमच्या घरात अक्षर शिकलेली मी पहिली. मी पहिल्यांदा माझे नाव ज्या खापराच्या तुकड्यावर लिहिले, तो वडील कमरेला बांधून बुडी मारत. तो माझ्याबरोबर पुरावा.

३. माझ्या तुंबड्या, चिमटे आणि सळया सुईण बित्तो हिला. "लग्नाचं सोनं तुंबड्यांत घातलंस," असे आई म्हणत असे. ते खरे आहे.

४. वैद्यकीचा देव आस्क्लेपिओस याच्या देवळात माझ्यासाठी नवस बोलू नये. तिथल्या भिंतीवर फक्त बरे झालेल्यांच्या पाट्या आहेत. मेलेल्यांच्या कुठे टांगायच्या, असे मी एकदा पुजाऱ्याला विचारले होते. तो म्हणाला, "बाई, मेलेले नवस फेडायला येत नाहीत."

५. माझ्या पेटीत निळ्या फडक्यात एक पाटी आहे, कोपरा जळलेली. ती लायकोन कुंभाराला द्यावी. कारण लिहिते.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नान्निस तापाने पडली. आम्ही वैद्य तापाचे दिवस मोजतो. सातवा दिवस निवाड्याचा, रोगी जगणार की जाणार ते त्या दिवशी ठरते. त्या दिवशी जुलाब द्यायचा नाही, शरीराला त्याचे काम करू द्यायचे. माझे गुरुजी युआरातोस यांनी तिने अंथरूण धरले तेव्हापासून मोजले आणि पाचव्या दिवशी जुलाबाची मुळी उगाळून द्यायला सांगितली. पण हुडहुडी त्याआधीच, भट्टी लावताना भरली होती, हे नान्निसने मला सांगितले होते. किती आधी, ते मी तिच्याच शब्दांत त्या पाटीवर उतरवले होते. तसे मोजले तर तो निवाड्याचाच दिवस येत होता.

गुरूला बापाच्या जागी मानीन आणि रोग्याला अपाय करणार नाही, या दोन्ही गोष्टी शपथेत आमच्याकडून एका दमात म्हणवून घेतात. मी पहिली पाळली. पेला माझ्या हाताने दिला. संध्याकाळी ती गेली.

गुरुजींनी त्यांच्या नोंदींच्या गुंडाळीत लिहिले: मनाई असताना दारू प्यायली, म्हणून मेली. लायकोनने तेव्हापासून तिच्या थडग्यावर तेल ओतलेले नाही. मी तोंडी सांगून पाहिले. तो म्हणाला, "तू तिची मैत्रीण, तू तिचीच बाजू घेणार. गुरुजींचं लेखी आहे. तुझं लेखी असेल तर आण, कुणाकडून तरी वाचून घेतो, आणि आजच तेलाचा बुधला घेऊन थडग्यावर जातो."

मी पाटी नेली नाही. गुरुजी मला काढून टाकतील, मग आळीतल्या बायकांना कोण तपासणार, असे मी स्वतःला समजावले. दोन वर्षे समजावले.

मामा म्हणतात, "आजारपणात भांडणं उकरू नयेत, पोरी. गुरुजी उद्या तुला बघायला यायचेत."

"म्हणूनच आज लिहितेय, मामा."

इथे पहिली पाटी भरली. आई दुसरी आणायला गेली आहे.

हिचा कोपरा जळलेला आहे.

आईला अक्षर येत नाही. ती म्हणाली, "पेटीत होती गं. किती खरवडून ठेवली होतीस. चुलीपाशी धरून मेण वितळवलं नि सारवली, बघ, अगदी नव्यासारखी." मी म्हटले, छान झाली. हा भाग आईसमोर वाचू नये.

कलम पाच रद्द. त्याऐवजी जे आठवते ते लिहिते.

नान्निस, लायकोनची बायको. सातूच्या पाण्याशिवाय तिने काही घेतले नाही. दारू प्यायली नाही. मी उशाशी होते. सांगितले ते सगळे तिने केले. मुळीचा पेला मी दिला. हुडहुडी भट्टी लावताना भरली, अंथरूण धरण्याच्या          दिवस आधी.

एक की दोन? दोन असतील तर तो सातवा दिवस होता आणि तिला आम्ही मारले. एक असेल तर सहावा, आणि मला काहीच सिद्ध करता येत नाही. तेव्हा मला खात्री होती, एवढे आठवते. पण खात्री म्हणजे नोंद नव्हे, हे गुरुजींनीच शिकवले. दोन लिहिणे सोपे आहे. जागा मोकळी ठेवते.

लायकोन साक्षीसाठी आला आहे. त्याला हे वाचून दाखवले. तो बराच वेळ हातावरची माती खरडत बसला.

"गुरुजींनी त्याच दिवशी लिहिलं," तो म्हणाला. "तू आज लिहितेस, तापात. किती दिवस आधी, तेवढं सांग."

"आठवत नाही, लायकोनदादा."

"मग अंगठा कुठे लावू?"

वरील सर्व मी शुद्धीत लिहिले आहे.

स्थळ: कोस. नगराधिकारी अरातोफान यांचे वर्ष, बाद्रोमिओस महिना, दिवस सोळावा.

क्लिनो, पार्मिस्कोस यांची मुलगी.

पालक सिमोस: संमती आहे. गुरुजींविषयीच्या मजकुराला नाही.

साक्षीदार:
युफ्रानोर, पाव भाजणारा: सही.
लायकोन, कुंभार: अंगठा. पाटीवर दुसरी रिकामी जागा न दिसल्याने त्याने तो नान्निसच्या दिवसांच्या जागेवर लावला आहे.