तुळजाबाईंचा पाय आणि माझी साक्ष

५ मार्च, बुधवार
राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावरची राख न पुसता पार्सल ऑफिसला गेलो. कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच सांगितलं. उपवासकाळात मटण कुणीही सोडतं. मी राग सोडला. शिवाय शेजाऱ्यावर प्रीती. शिवाय सेवा करायची ती गुप्तपणे. हे सगळे संकल्प चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकले.

७ मार्च, शुक्रवार
शेजारच्या खोलीतल्या तुळजाबाईंच्या पायाला शुगरची जखम आहे. दिवसाआड सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग. मुलगी प्रगती रांजणगावला कंपनीत, तिकडेच राहते. आजवर माझी बायको अनुपमाच बाईंना रिक्षानं न्यायची. आता तिच्या शाळेत परीक्षा. मी म्हणालो, ही सेवा यापुढे माझी. ती म्हणाली, नक्की ना? श्रद्धा कमी आहे तिची.
संध्याकाळी बायबल अभ्यासात चर्चच्या पाळकसाहेबांना हे गुप्तपणे सांगितलं. फार हेलावले. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष द्या म्हणाले. विषय : रोजच्या जगण्यातला विश्वास.

१० मार्च, सोमवार
तुळजाबाईंना स्कूटरवर नेलं. वाटेत बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तो जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो तिथं आलो, तर त्या म्हणाल्या, "साहेब, म्होरं खड्डा हाय."
तोवर त्यात गेलो होतो.
दवाखान्याबाहेर फोटो काढून स्टेटसला ठेवला. सेवा गुप्त, म्हणून त्यांचा चेहरा दाखवला नाही. माझा दाखवला.

१४ मार्च, शुक्रवार
नव्या क्लार्कला, हृतिकला, चार लोकांत झापलं. हा राग नव्हे. प्रेमानं केलेली ताडना.
ड्रेसिंग परवाही राहिलं, आजही. साक्षेची सुरुवात जमत नाहीये. सोमवारी नक्की.

२४ मार्च, सोमवार
मधल्या काळात एकदा नेलं. एकदा स्कूटर पंक्चर होती, एकदा होईलसं वाटलं.
आज मात्र साक्षेसाठीच रजा घेतली. 'शेजारी दारात उभा असतो तेव्हा' हा परिच्छेद असा काही रंगला होता, आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं. लिंक तुटली असती, म्हणून उघडलं नाही. नंतर डोकावलो, तर तुळजाबाई पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या. डॉक्टर एव्हाना गेले असणार, म्हणून हाक मारली नाही. आत येऊन त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली.
अनुपमानं विचारलं, नेलं का? म्हणालो, त्यांचा भार प्रभूवर टाकलाय. यात खोटं काही नाही.

२९ मार्च, शनिवार
तुळजाबाईंना सणकून ताप. पाय काळा पडलेला. अनुपमानं गाडी करून पुण्याला नेलं, प्रगती शिफ्ट सोडून तिकडेच आली. मीही गेलो. पायाचा अंगठा काढावा लागला.
डॉक्टरांनी विचारलं, ड्रेसिंग कुणी चुकवलं? प्रगतीनं अनुपमाकडे पाहिलं, अनुपमानं माझ्याकडे. मी म्हणालो, देवाची योजना आपल्याला कळत नाही.
घरी आल्यावर अनुपमानं न बोलता ताट वाढलं. उपवासकाळ आहे, मौन चांगलंच. साक्षेत दुःखाचा प्रसंग नव्हता, तो आता घालता येईल.

११ एप्रिल, शुक्रवार
तुळजाबाई घरी आल्या. पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करायला आले, सोबत मी. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट करून प्रेमानं विचारलं, "साळवे काळजी घेतात ना तुमची?"
तुळजाबाई म्हणाल्या, "अनुपमाताई घेत्यात. ह्ये साहेब बी चांगलं हायती. पर त्येंना सारखं देवाचं काम असतंय. आमी न्हाई हाक मारत."
टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर क्षमा करता आली असती.
पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. प्रार्थना थोडक्यात झाली. जाताना मला म्हणाले, "रविवारची साक्ष राहू द्या."

१३ एप्रिल, रविवार
साक्षेच्या जागी जास्तीचं गीत घेतलं. मोठ्यानं गायलो. अनुपमा दुसऱ्याच बाकावर बसली होती.

१५ एप्रिल, मंगळवार
रजा काढली. ग्रुपवर काही टाकलं नाही. सकाळी तुळजाबाईंच्या दारात स्कूटर लावली. म्हणालो, "चला, दवाखान्यात सोडतो."
"नगं साहेब. पोरीनं रिक्षा ठरवून दिलीया."
"रिक्षा कुठे आलीय अजून?"
"यील की. मला सवय हाय बसायची."
म्हणालो, "त्या दिवशी मी घरातच होतो."
"ठाव हाय. गाडी दारातच व्हती."
दोघं रस्त्याकडे बघत राहिलो.
रिक्षा आली. त्या चढताना मी हात पुढे केला. त्यांनी रिक्षाचा दांडा धरला, बँडेजचा पाय सावकाश आत घेतला, आणि मला म्हणाल्या, "जावा तुमी. तुमचा खोळंबा नगं."
खोळंबायला काही नव्हतं. दिवसभराची रजा होती.