कानांपाशी थोडं पांढरं

बुधवार, संध्याकाळ

आज चॅनेलवर मेकअपला आलेला तो निखिल डोक्यातून जातच नाही. वय असेल पंचवीस. गेल्या महिन्यापर्यंत सरकारी पाणी खात्यात सल्लागार होता, आता राजकीय विश्लेषक. मला म्हणाला, "ताई, कानांपाशी थोडे केस पांढरे करता येतील? माझं बोलणं ऐकायच्या आधी लोक वयच विचारतात."

आजवर किती जणांचे केस काळे केले, पण पांढरे? हसू आलं. केले मात्र.

चर्चा आमच्याच येरवड्याच्या पाण्यावर, म्हणून स्टुडिओच्या दाराशी उभी राहून ऐकली. निवृत्त सचिव साहेब ठणकावून म्हणाले, "दिवाळीपर्यंत रोज पाणी येईल." निखिल म्हणाला, "मला माहीत नाही. पाइप टाकलेत, पण चाचणी झालेली नाही." निवेदिका वैतागली. मीही चक्रावले. पांढरे केस मागून घ्यायचे, आणि वर माहीत नाही म्हणायचं?

नंतर मी त्याचा मेकअप पुसत होते. "आता परत बोलावणार नाहीत," एवढंच म्हणाला.

मी विचारलं, "अहो, पण चाचणी झाली नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"काल जाऊन बघून आलो. तुमच्याकडे पाणी कधी येतं, ताई?"

मी सांगत गेले. पहाटे येतं, वरच्या मजल्यावर चढत नाही, सगळं. तो विचारतच राहिला. मला आवडलं ते.

साहेब इतकी वर्षं माझ्यासमोर बसतात. "तुम्हाला कसं कळलं?" असं मी त्यांना कधीच कसं विचारलं नाही? उद्या पुन्हा यायचे आहेत. विचारून बघू?