लाल थेंबामागची अक्षरं

३ मार्च, सोमवार
रक्तपेढीचा संगणक उठेना! सकाळी आठला बटण दाबलं. पडद्यावर आमचं चिन्ह आलं — लाल थेंब, खाली फिरतं वर्तुळ. वीस मिनिटं ते आपलं फिरतंय. बंद करून परत चालू केलं. परत थेंब. रक्त तपासणारे काका म्हणाले, "याला दोन बाटल्या चढवू का?" हसू आलं नाही. कोणती पिशवी तपासून झाली, कोणती कुणाला द्यायची — सगळं त्यात, आणि तो सांभाळायचं काम माझं! रक्तपेढीच्या प्रमुख मॅडम दारात. "किती वेळ?" "होईल आता." कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

दुपारी एस्केप दाबलं. थेंब गेला, मागून पांढरी अक्षरं धावत आली. डिस्क वाचता येत नाही. डिस्क वाचता येत नाही. पडदाभर तेच.

४ मार्च
डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. जेवढं वाचता आलं त्यात जुन्या नोंदी सापडल्या. डिस्क खराब होतेय असा दोन महिने रोज इशारा येत होता! हे मशीन चालवणारं लिनक्स सुरू होताना काय बिघडलंय ते लिहून दाखवतं. ते मीच झाकलं होतं. पाहुणे येणार होते तेव्हा मॅडम म्हणालेल्या, "ती अक्षरं बघून माणसं घाबरतात. काहीतरी छान लाव." मी सेटिंगमध्ये अक्षरं लपवणारे दोन शब्द टाकले, थेंब लावला. केवढी वाहवा झाली!

मशीन रोज ओरडत होतं आणि मी त्याच्या तोंडावर चित्र चिकटवलं.

कुणाला सांगितलेलं नाही. आई म्हणाली, "चेहरा का उतरलाय?" म्हटलं, ऊन लागलं.

५ मार्च
नवी डिस्क बसवली, शनिवारी काढून ठेवलेली सगळ्याची प्रत चढवली. नुसता काळा पडदा! कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसरा पडदा उघडला, तोही काळा. त्या प्रतीतही माझे ते दोन शब्द होतेच. शेवटी सुरुवातीच्या मेनूत जाऊन ते दोन शब्द खोडले — अक्षरं आली, मशीन उठलं.

पण रविवारच्या अठरा पिशव्यांची नोंद गेली ती गेलीच. तेवढ्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन — "बाई टेबलावर आहे, रक्त कुठाय?" लागणारा गट नेमका त्या अठरांतच! काकांनी हाताने परत तपासण्या केल्या. दीड तास उभे. मी नुसती घड्याळाकडे बघत होते. ती गेली तर? माझ्या थेंबापायी?

रक्त वेळेत पोचलं. बाई वाचली.

मग मॅडम काकांवर घसरल्या. "जाताना सरळ प्लग उपटता तुम्ही! त्यानेच डिस्क गेली." काका मान खाली घालून — "असेल, मॅडम."

मी तिथेच होते. जुन्या डिस्कची वायर गुंडाळत राहिले.

६ मार्च
आजही बोलले नाही. मॅडमनी नुसती हाक मारली तरी दचकते.

७ मार्च
काकांना जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडमना बोलू नकोस. माझे निवृत्तीला दोन महिने राहिलेत. तुझी कंत्राटाची नोकरी, लगेच काढतील." क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली. बसून कबुलीचा कागद लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा सही केली.

८ मार्च
मॅडमच्या टेबलावर काकांचा कागद आधीच होता — "चूक माझी." त्यावर माझा ठेवला. मॅडमनी दोन्ही वाचले. काकांचा फाडला. माझा माझ्या नोकरीच्या फाईलला लावला.